फिल्टर पेपरवर राहिलेलं लोखंड

कडोदरा चार रस्त्यावर दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. एक मुंबई-अहमदाबाद, दुसरा हजिऱ्याहून निघून बार्डोली, व्यारा, सोनगड, नवापूर करत धुळ्याला जाणारा. आम्हा खानदेशी माणसांना हा दुसरा रस्ता म्हणजे माहेरची वाट. याच वाटेने, नाहीतर सुरत-भुसावळ गाडीने चलथाणला उतरून, आमच्याकडची हजारो माणसं इथल्या डाईंग-प्रिंटिंगच्या मिलांमध्ये आली. मी शहाद्याकडचा. रसायनशास्त्राची बी.एस्सी. करून आलो आणि एका मिलच्या लॅबमध्ये लागलो. पाणी तपासणं हे माझं रोजचं काम. जडपणा, पीएच, लोह. रंगाच्या धंद्यात लोह म्हणजे चोर. पॉलिस्टरचा गुलाबी मळकट करतं, सुती कापड पेरॉक्साइडने ब्लीच करताना गंजाचा कण चिकटला असेल तर तिथे कापडाला भोक पडतं.

एका मे महिन्यात जवळच्या सोसायटीचे सेक्रेटरी बाटलीभर पाणी घेऊन माझ्याकडे आले. एप्रिलमध्ये टाइल्सच्या दुरुस्तीसाठी त्यांनी स्विमिंग पूल रिकामा केला होता आणि नव्या बोअरच्या पाण्याने भरला होता. पाणी हिरवं पडलं होतं. लोह आहे का, एवढंच त्यांना बघून हवं होतं. मी बघितलं आणि लिहून दिलं, “लोह : आढळले नाही.” तो कागद चुकीचा होता. त्यातून जे झालं आणि त्यानंतर मी जे शिकलो, ते इथे मांडतो.

१. हिरवं दिसलं की शेवाळच, असं धरू नका

पूल हिरवा पडला की सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द येतो, शेवाळ. मग पूल सांभाळणाऱ्याने क्लोरीन टाकलं नाही असं ठरतं. शेवाळाचं हिरवं पाणी गढूळ असतं, भिंत हाताला बुळबुळीत लागते, ब्रश मारला की हिरवा ढग उठतो. लोहाचं हिरवं वेगळं असतं. सुरुवातीला पाणी स्वच्छ असतं, तळाच्या टाइल्स मोजता येतात, पण सगळ्या पाण्याला फिका हिरवा, कधी कोऱ्या चहासारखा रंग चढलेला असतो. हा रंग क्लोरीन टाकल्यावर काही तासांत येतो. शेवाळ क्लोरीनने मरतं, लोह क्लोरीनने उघडं पडतं. मी तपासणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारायला सांगतो: रंग क्लोरीन टाकण्याच्या आधी होता की नंतर आला? तांब्याचाही हिरवट-निळा रंग येतो, विशेषतः शेवाळाचं औषध म्हणून मोरचूद टाकलं असेल तर. म्हणून काय काय टाकलं, तेही विचारावं.

मी यातलं काहीच विचारलं नाही. बाटली घेतली आणि कामाला लागलो.

२. शून्य आलं तर आधी विचारा, शून्य कशाचं?

इथे मी थोडा जास्त वेळ थांबणार आहे, कारण माझी चूक इथली आहे.

जमिनीखाली जिथे हवा पोचत नाही तिथल्या पाण्यात लोह विरघळलेलं असतं. ते फेरस लोह. त्याला रंग नसतो. बोअरचं पाणी ग्लासात घेतलं तर काचेसारखं दिसतं. हवा लागली, त्याहून लवकर म्हणजे क्लोरीन लागलं, की तेच लोह फेरिक होतं आणि गंजाचे बारीक कण होऊन पाण्यात तरंगू लागतं. एक मिलिग्रॅम लोहाला साधारण ०.६४ मिलिग्रॅम क्लोरीन पुरतं. पुलाच्या पाण्यात क्लोरीन असतंच, त्यामुळे तिथलं लोह जवळजवळ सगळं कणांच्या रूपात असतं. विरघळलेलं नसतंच म्हणा.

मिलमध्ये आमच्याकडे येणारा नमुना आधी गाळायची पद्धत होती, कारण त्यात धागे आणि कचरा असतो. मी पुलाचं पाणीही सवयीने व्हॉटमन ४२ नंबरच्या कागदातून गाळलं. जे मोजायचं तेच कागदावर अडकलं.

दुसरी चूक त्याहून बारीक. आमची चाचणी थायोसायनेटची. फेरिक लोह असेल तर पाणी रक्तासारखं लाल होतं, आणि लाली किती त्यावरून लोह किती ते नेसलर ट्यूबमध्ये डोळ्यांनी ताडून बघायचं. पाण्यात जास्त क्लोरीन असेल तर ते थायोसायनेटलाच खाऊन टाकतं, हे मला माहीत होतं. म्हणून मी क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेटचे खडे टाकले. थायोसल्फेट क्लोरीन मारतं खरं, पण उरलेलं फेरिक लोहही पुन्हा फेरस करून टाकतं, आणि फेरसबरोबर थायोसायनेट लाल होतच नाही. कागदातून निसटून जे थोडं लोह खाली आलं होतं, त्याचाही आवाज मी असा बंद केला.

पाणी स्वच्छ, ट्यूब स्वच्छ, उत्तर शून्य. मी सही केली.

सोसायटीच्या कमिटीने तो कागद वाचून ठरवलं की लोह नाही, म्हणजे शेवाळ आहे, म्हणजे पूल सांभाळणारा पोरगा क्लोरीन टाकत नाही. त्याचा अर्ध्या महिन्याचा पगार कापला. पोरगा नंदुरबारकडचा, विशीतला. तो रोज क्लोरीन टाकत होता. पगार कापल्यावर त्याने घाबरून दुप्पट टाकायला सुरुवात केली आणि टाइल्सच्या सांध्यांवर तपकिरी डाग बसले. एका संध्याकाळी तो लॅबच्या दारात येऊन उभा राहिला. आधी हिंदीत “साहेब” म्हणाला. मी कुठला विचारल्यावर “भाऊ” वर आला आणि अहिराणीत एवढंच बोलला, “भाऊ, पानी लाल व्हयी गयं.”

सेक्रेटरींची बाटली संपली होती. पण त्या दिवशी वापरलेले फिल्टर पेपर लॅबच्या कोपऱ्यातल्या डब्यात अजून पडून होते. मी शोधून तो कागद काढला. मधोमध, जिथे पाणी शेवटी निथळतं तिथे, गंजाच्या रंगाचं गोल बसलं होतं. त्यावर विरळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब आणि थायोसायनेटचा एक थेंब टाकला. लाल झालं.

तेव्हापासून माझ्या अहवालात नुसतं “लोह” लिहीत नाही. एकूण लोह की विरघळलेलं, गाळून की न गाळता, हे लिहितो.

३. एकूण लोह हवं असेल तर ॲसिडमध्ये उकळायला आळस नको

पद्धत सांगतो. नमुना हलवून घ्या, न गाळता. ५० मिलिलिटरला थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून काही मिनिटं उकळा. यात दोन कामं एकदम होतात: गंजाचे कण विरघळतात आणि क्लोरीन उडून जातं. उकळताना खिडकी उघडी ठेवा. नायट्रिक ॲसिडचे दोन थेंब टाकले की सगळं लोह फेरिक होतं. थंड करून, उडालेलं पाणी भरून काढून मग थायोसायनेट.

बाजारात तपासणीचे तयार संच मिळतात, त्यात बहुधा फेनान्थ्रोलिन असतं आणि ते फेरस लोहाबरोबर नारिंगी रंग देतं. तिथे उलटं, सगळं लोह फेरस करून घ्यायला हायड्रॉक्सिलअमाइन लागतं. ते क्लोरीनलाही निपटतं, म्हणून ही चाचणी पुलाच्या पाण्याला जास्त सोयीची. पण कण विरघळवायचं काम तिथेही तुम्हालाच करावं लागतं. नुसती गोळी टाकून रंग बघणाऱ्याला पुलात लोह कमीच दिसणार.

४. ब्लँक लावल्याशिवाय लाल रंगावर विश्वास ठेवू नका

पहिल्या चुकीनंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. पोरग्याच्या देखत पुलाचं पाणी आणलं, घाईत लॅबमधलं संपलेलं शुद्ध ॲसिड न मागवता प्लांटमधलं कमर्शियल ॲसिड वापरलं. ट्यूब लालभडक झाली. तो खूश. मला मात्र ती लाली जास्त वाटली. चार रस्त्यावरच्या पेट्रोलपंपावरून बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर आणलं आणि त्यावर तीच सगळी क्रिया केली. यालाच ब्लँक म्हणतात. तेही लाल झालं.

कमर्शियल हायड्रोक्लोरिक ॲसिड पिवळं का असतं? त्यातल्या लोहामुळे. हे मी कॉलेजात शिकलो होतो, मिलमध्ये रोज बघत होतो. आणि हेच ॲसिड पुलाचा पीएच उतरवायला कॅनच्या कॅन ओतलं जातं, हेही इथे लक्षात घ्या.

शुद्ध ॲसिड आणून, ब्लँक वजा करून उत्तर आलं: पुलाच्या पाण्यात दर लिटरला ०.६ मिलिग्रॅम. तुलनेचं द्रावण फेरस अमोनियम सल्फेटचं केलं. लिटरमध्ये ०.७०२ ग्रॅम घातलं की १०० मिलिग्रॅम लोह होतं, ते दहापट पातळ करायचं. ट्यूबखाली पांढरी टाइल ठेवून वरून बघायचं. बाजूने बघितलं तर डोळा फसतो.

५. बोअरचं पहिलं पाणी हे पाइपचं पाणी असतं

मग बोअरकडे गेलो. पंप सुरू केल्याबरोबर बाटली भरली, त्यात ३ मिलिग्रॅमच्या वर लोह निघालं. पंधरा मिनिटं पाणी वाहू दिल्यावर भरलेल्या बाटलीत १.४. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला आकडा रात्रभर केसिंगमध्ये आणि जीआय पाइपात उभ्या राहिलेल्या पाण्याचा, दुसरा जमिनीतल्या पाण्याचा. फरक मोठा असेल तर थोडा दोष पाइपाचा असतो. दुसराही आकडा मोठा असेल, तर पाइप बदलून भागणार नाही.

बोअरचं पाणी घरी नेऊन दुसऱ्या दिवशी तपासलं तर बाटलीच्या काचेला लोह चिकटून आकडा उतरतो. नमुना भरतानाच त्यात शुद्ध नायट्रिक ॲसिडचे थेंब टाकून पीएच २ च्या खाली आणावा. कोणी स्टीलच्या डब्यात पाणी आणून दिलं तर मी परत पाठवतो.

टाकीच्या आतून तांबडी, साईसारखी बुळबुळ निघत असेल तर तीही शेवाळ नाही. लोहावर जगणारे जिवाणू असतात, त्यांची ती वस्ती. ती सुटून पाण्यात आली की एखादाच नमुना भलताच मोठा आकडा दाखवतो. म्हणून एका बाटलीवर निर्णय नको.

६. प्रयोगशाळा नसली तरी पांढरी बालदी असते

पूल भरण्याआधी करायची ही चाचणी फुकटची आहे आणि तिच्याइतकी उपयोगाची दुसरी मला माहीत नाही. पांढरी स्वच्छ बालदी घ्या, बोअरचं पंधरा मिनिटं सोडलेलं पाणी भरा. त्यात लिक्विड क्लोरीन चमचाभर टाका, किंवा आपल्याकडे ग्रामपंचायतीत जिला टीसीएल म्हणतात ती पावडर आधी मगभर पाण्यात कालवून, निवळवून, वरची निवळी ओता. ढवळा, दोन तास सोडा. पाणी पिवळं, हिरवट किंवा चहासारखं झालं तर पूल भरू नका. सकाळपर्यंत ठेवलं तर तळाला तांबूस साय बसलेली दिसते. शेजारी कॅनॉलच्या किंवा नळाच्या पाण्याची दुसरी बालदी ठेवावी, म्हणजे नजरेला तुलना मिळते.

पोरग्याच्या देखत आम्ही ही बालदी सोसायटीच्या ऑफिससमोर ठेवली. सेक्रेटरी येऊन बसले. वीस मिनिटांत रंग यायला लागला. त्यांनी काही बोलायच्या आत मी सांगितलं की माझा आधीचा कागद चुकीचा होता, आणि तो फाडून नवा लिहून दिला. कापलेला पगार पोरग्याला पुढच्या महिन्यात परत मिळाला. तो कापला जाताना त्याच्या घरी काय चाललं असेल हे मी त्याला विचारलं नाही. त्याने आपण होऊन सांगितलं की बहिणीच्या शाळेच्या पैशाला थांबावं लागलं होतं.

चाचणीची आणखी एक जुनी रीत आमच्या रंगाऱ्यांना ठाऊक असते. हिरड्याचा काढा लोहाच्या पाण्यात टाकला की तो काळा-निळा पडतो. लोहाच्या पाण्याचा चहा शाईसारखा का दिसतो, त्याचंही कारण तेच: टॅनिन आणि लोह भेटले की शाई होते. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लेखक प्लिनीने मायफळाच्या रसात भिजवलेल्या पपायरसवर लोहाची भेसळ ओळखायची युक्ती लिहून ठेवली आहे. कच्छचे अजरख छापणारे कारागीर लोखंडाचा गंज आणि गूळ आंबवून काळा रंग करतात. आणि याच कारागिरांना २००१ च्या भूकंपानंतर धमडका गावच्या पाण्यात लोह वाढल्याने भुजजवळ अजरखपूर नावाचं नवं गाव वसवावं लागलं. रंगासाठी हवं तेव्हा हवं तेवढं लोखंड, आणि नको तेव्हा कणभरही नको. पुलाच्या पाण्याचं वेगळं काही नाही.

७. आकड्याचं वजन करून बघा

दर लिटरला मिलिग्रॅम ऐकून कोणालाच काही कळत नाही, कमिटीलाही कळलं नाही. मग मी वजन काढून दाखवलं. पूल १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद, सरासरी १.२ मीटर खोल, म्हणजे ८६,४०० लिटर. १.४ मिलिग्रॅमच्या पाण्याने भरला तेव्हा त्यात सुमारे १२१ ग्रॅम लोखंड गेलं, मुठीत मावतील एवढे खिळे. आता पाण्यात ०.६ प्रमाणे ५२ ग्रॅम सापडत होतं. उरलेलं ६९ ग्रॅम कुठे गेलं? फिल्टरच्या वाळूत आणि टाइल्सच्या सांध्यांत. शिवाय गंज होताना त्याचं वजन जवळजवळ दुप्पट होतं.

उन्हाळ्यात रोज ६ मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं, तर या पुलातून दिवसाला ४३२ लिटर जातं. जाताना पाणी लोखंड घेऊन जात नाही. ते भरून काढायला त्याच बोअरचं पाणी सोडलं की रोज ०.६ ग्रॅम लोखंडाची भर, महिन्याला १८ ग्रॅम. म्हणून एकदा साफ केलेला पूल पुन्हा हळूहळू रंगतो, आणि दोष पुन्हा पूल सांभाळणाऱ्यावर येतो. पुलाइतकीच भरतीच्या पाण्याची तपासणी व्हायला हवी. हे मला या सगळ्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

८. पिण्यालायक पाणी पुलालायक असेलच असं नाही

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत, लोहाची मर्यादा लिटरला ०.३ मिलिग्रॅम होती. पुढच्या दुरुस्तीत ती १.० झाली. म्हणजे ०.८ लोहाचं पाणी पिण्यासाठी “मर्यादेत” असा कागद मिळेल आणि तेच पाणी पूल रंगवेल. पुलासाठी मी ०.३ च्या खालीच रहा म्हणतो, जमलं तर ०.१ च्या.

लोहाचं पाणी अंगाला लागून कोणी आजारी पडत नाही, हेही कमिटीला सांगितलं. धोका वेगळा आहे. पाणी गढूळ झालं की तळ दिसत नाही, आणि तळ न दिसणाऱ्या पुलात मुलांना उतरवू नये.

९. क्लोरीनची चाचणीसुद्धा लोहामुळे खोटं बोलू शकते

पोरगा रोज ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पिवळा रंग बघत होता. गावाकडे जिला ओटी टेस्ट म्हणतात तीच. फेरिक लोह आणि मँगनीज दोघंही त्यात पिवळा रंग देतात. लोह भरपूर असेल तेव्हा क्लोरीन संपलेलं असूनही चाचणी “आहे” म्हणते. म्हणून खात्रीसाठी डीपीडीच्या गोळीने पडताळावं.

१०. एका जागी डाग असेल तर पाण्याला दोष देऊ नका

सगळ्या टाइल्सवर सारखी पिवळट छटा असेल तर लोह पाण्यातलं. रुपयाएवढा एकच गडद डाग असेल तर कोणाच्या तरी केसांची पिन पडली आहे, नाहीतर सिमेंटमागची सळई गंजून बाहेर येते आहे. याच सोसायटीत गेटचं ग्राइंडिंग करताना उडालेल्या ठिणग्यांची धूळ पुलात पडून शेकडो तांबडे ठिपके झाले होते. डागावर व्हिटॅमिन सीची गोळी अर्धा मिनिट दाबून धरा. डाग फिका झाला तर लोह. हलला नाही आणि काळसर-जांभळा असेल तर मँगनीजचा संशय घ्या.

११. काढताना हात आवरा

क्लोरीनने लोह कणांत आणायचं, पीएच थोडा वर ठेवायचा, तुरटीने बसवायचं, रात्रभर पंप बंद ठेवायचा आणि सकाळी तळ ओढून पाणी थेट बाहेर सोडायचं, फिल्टरमधून नाही. एवढं सोपं आहे, पण तुरटी कोणती ते बघा. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या लाद्या बऱ्याचदा फेरिक ॲलमच्या असतात, त्यात लोखंड असतंच. पुलाला नॉन-फेरिक मागा.

आमच्याकडे आणखी एक साधन उपयोगी पडलं. सुरतेच्या परिसरात पॉलिस्टरच्या वेस्टची काय कमी! भोकं पाडलेल्या बालदीत पॉलिस्टरचा कापूस ठासून भरला आणि पाणी परत येणाऱ्या तोंडाखाली ती टांगली. संध्याकाळी कापूस विटकरी झाला होता. पिळून, धुऊन, पुन्हा. पोरग्याने आठवडाभर ते केलं. आसामात लोहाचं पाणी घरोघरी वाळू-कोळशातून गाळून पितात, तोच मार्ग हा.

ॲसिड आणि क्लोरीन एकाच बालदीत कधीही नको. विषारी वायू निघतो. हे मी पोरग्याला तीनदा सांगितलं आणि चौथ्यांदा भिंतीवर लिहवून घेतलं.

१२. लोह दडवणाऱ्या औषधाच्या नादी लागताना

डाग येऊ नये म्हणून सिक्वेस्टरिंग एजंट टाकतात. आम्ही मिलमध्ये टाकतो, चांगलं काम करतं. ते लोहाला पकडून ठेवतं, बाहेर काढत नाही. काही चाचण्यांना पकडलेलं लोह दिसतही नाही, म्हणजे पुन्हा खोटं शून्य. आणि क्लोरीन आणि ऊन मिळून ते औषध हळूहळू मोडतं, तेव्हा लोह परत सुटतं. टाकलं असेल तर तपासणाऱ्याला सांगा.

१३. वही ठेवा, आणि ती पाण्याजवळ राहणाऱ्याच्या हातात द्या

सोसायटीने त्यानंतर बोअर आणि पुलाच्या मध्ये हवा खेळवणारा फवारा आणि वाळूची टाकी बसवली. मी पोरग्याला नेसलर ट्यूब कशी धरायची ते शिकवलं. लॅब अडीचला रिकामी असते, पाळी बदलायच्या आधी, तेव्हा तो यायचा. त्याने दोनशे पानी वही आणली आणि रकाने स्वतः आखले. तारीख. पाणी कुठलं. पंप किती वेळ चालवून. गाळून की न गाळता. उकळून की नाही. ब्लँक. आकडा. सही. मी मिलमध्ये वीस वर्षं जे फॉर्म भरत होतो त्यांत यातले निम्मे रकाने नव्हते. ते मी नंतर त्याच्या वहीवरून आमच्या फॉर्ममध्ये घेतले.

पावसाळ्यानंतर बोअरचा आकडा उतरतो, एप्रिलपासून चढतो, हे त्या वहीतून तिसऱ्या वर्षी दिसलं. कॅनॉलला पाणी असतं तेव्हा तेच गाळून वापरावं आणि मे महिन्यात पूल रिकामा करायचं काम काढू नये, हेही त्यानेच कमिटीला वही दाखवून पटवलं. दुरुस्ती आता जानेवारीत होते.

यंदा मेमध्ये मी गेलो तेव्हा तो पुलावर नव्हता, नवापूरला लग्नाला गेला होता. वही नेहमीच्या खिळ्याला टांगलेली होती. शेवटची नोंद त्याच्याच अक्षरात: “बोअर, वाळूच्या टाकीनंतर, पंधरा मिनिटांनी, न गाळता, उकळून, ब्लँक वजा, ०.१.” खाली बारीक अक्षरात, “परवा पुन्हा बघणे.”